आदल्या दिवशी पोचणारे काका

ज्याने आजवर विमान फक्त खालून पाहिलं आहे, त्याने विमानप्रवासाबद्दल लिहायला बसावं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. पेठ तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमच्याकडे प्रवासातलं संकट म्हणजे मुक्कामाची एस.टी. चुकणं, त्यापलीकडे कोणाची मजल गेली नाही. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण मला लिहायचं आहे ते आमच्या घरमालक काकांबद्दल, आणि काकांबद्दल बोलायचं तर विमान वगळता येत नाही. नाशिकरोडला जेल रोडच्या आमच्या भागातून, मी कॉलेजसाठी तिथे खोली घेऊन राहत होतो त्या काळात, जेवढी माणसं परदेशी गेली, मुलाकडे, नातवंडं सांभाळायला, द्राक्षं विकायला किंवा नुसती हिंडायला, त्यांतलं एकही काकांचा उपदेश ऐकल्याशिवाय गेलेलं नाही. काही जण चुकवायचा प्रयत्न करत. त्यांना काका भाजीबाजारात गाठत.

काका स्वतः परदेशी एकदाच गेले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर ते आणि काकू एका सहल कंपनीबरोबर सिंगापूरला गेले. तिथून पुढे तीन रात्रींची जहाजाची सफर होती. काकू जहाजावर चढल्या आणि काका मागे राहिले, एवढं सगळ्या कॉलनीला माहीत होतं. "विमान लेट झालं," काका सांगत. "आणि जहाज कोणासाठी थांबत नाही." त्यापुढे ते बोलत नसत. काकूंना कोणी विचारलंच, "जहाज कसं होतं हो काकू?" तर त्या म्हणत, "मोठं होतं," आणि स्वयंपाकघरात जात. काकांची एकच इच्छा होती, पुन्हा एकदा काकूंना घेऊन त्या जहाजावर जायचं. काकूंचं उत्तरही एकच होतं, "मी पाहिलंय एकदा." मग काकांनी आपली सगळी तयारी दुसऱ्यांवर खर्च करायला सुरुवात केली असावी.

त्यांचा पहिला सिद्धांत असा, की विमानप्रवास विमानतळावर सुरू होत नाही, तो नाशिकमधल्या द्वारका सर्कलला सुरू होतो. "कसारा घाटात एक ट्रेलर आडवा झाला, की तुमचं तिकीट म्हणजे पुडी बांधायचा कागद!" म्हणून रात्रीच्या विमानाला सकाळी निघायचं. आणि पुढे जहाज गाठायचं असेल तर त्या गावात आदल्याच दिवशी पोचायचं, हॉटेलात झोपायचं, आणि सकाळी ताज्या तोंडाने धक्क्यावर उभं राहायचं. सल्ला चांगला होता, पण काका तो जहाजापुरता ठेवत नसत. मनमाडला पुतण्याचं लग्न होतं तेव्हा ते काकूंना घेऊन हळदीच्याही आदल्या दिवशी हजर झाले. कार्यालयात मांडववाल्याखेरीज कोणी नव्हतं. त्याने काकांनाच यजमान समजून विचारलं, "शेठ, खांब कुठं रोवू?" आणि काकांनी जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाची गाडी त्या खांबामुळे आत येईना. काकू मला म्हणाल्या, "मी भांडीवाल्याच्या पातेल्यांशेजारी झोपले रे. नवरी यायच्या आधी मी तिथली जुनी झाले होते."

दुसरा सिद्धांत सामानाचा. औषधं, कागदपत्रं, चष्मा आणि अंगावर घालायचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. मोठी बॅग ही देवाघरची वस्तू, ती येईल किंवा येणार नाही. शिवाय सगळ्यांच्या बॅगा सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक बॅगेला ओळखीची चिंधी बांधायची. ही चिंधी काका काकूंच्या जुन्या साड्यांचे काठ फाडून देत. अमेरिकेतल्या आणि हॉलंडातल्या विमानतळांवर सामानाच्या पट्ट्यांवर काकूंच्या जांभळ्या, मोरपंखी, आमसुली साड्या गोल गोल फिरून आल्या. काकू मात्र घरी. कपड्यांबाबत काकांची आणखी एक युक्ती होती. घरातल्या प्रत्येकाचे निम्मे कपडे दुसऱ्याच्या बॅगेत भरायचे, म्हणजे एक बॅग हरवली तरी सगळ्यांचं थोडं थोडं वाचतं. समोरचे निवृत्त हेडमास्तर सुनेबरोबर मुलाकडे अमेरिकेला निघाले. काकांनी त्यांच्या घरी जाऊन भरलेल्या बॅगा उलट्या केल्या आणि स्वतः वाटणी केली. त्या गडबडीत हेडमास्तरांच्या बॅगेत सगळे सुनेचे ड्रेस आणि नातवाची दुपटी गेली, आणि त्यांचे स्वतःचे कपडे सुनेच्या बॅगेत. सुनेची बॅग मध्येच कुठेतरी राहिली. हेडमास्तरांनी न्यू जर्सीत चार दिवस मुलाच्या बर्म्युडा चड्डीत काढले. परत आल्यावर ते तणतणत आले, तर काका शांतपणे म्हणाले, "पण दुपटी वाचली ना?"

नेहमी विमानाने हिंडणाऱ्यांनाही सुटका नव्हती. पिंपळगावचे एक द्राक्षवाले काकांच्या ओळखीचे होते. हंगामात त्यांच्या युरोपच्या वाऱ्या चालत. एकदा ते काकूंसाठी द्राक्षांची पेटी घेऊन आले, तर काकांनी त्यांना पुढच्या विमानात कोणत्या बाजूला बसायचं इथपासून सुरुवात केली. ते वैतागून म्हणाले, "अहो काका, मला काय सांगता? मी लय वेळा जातो. ते काउंटरवालं पोरगं मला नावानं वळखतं."

"म्हणून तर तुम्हाला सांगतो," काका म्हणाले. "पहिल्यांदा जाणारा भीतीने वेळेवर पोचतो. मागे राहतो तो सवयीचा माणूस."

द्राक्षवाल्यांनी पेटी ठेवली आणि चहा न घेता गेले. पण म्हणे पुढच्या खेपेला दोन तास लवकर निघाले.

मी काकांच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिलो. विमान माझ्या नशिबात नव्हतं, म्हणून माझी एस.टी. हेच काकांनी विमान मानलं. दिवाळीला घरी निघालो की ते मला स्कूटरवर जुन्या सीबीएस स्टँडला नेत, इतक्या लवकर की पेठची गाडी लागलेली असे पण कंडक्टर सीटवर आडवा झालेला असे. काका त्याला उठवत. "गाडी वेळेवर आहे ना?" तो डोळे चोळत म्हणे, "हितंच हाय ना काका, गाडी काय पळून जाती का?"

"जाते," काका म्हणत. "माणूस बघत राहतो आणि जाते."

खरं सांगायचं तर मी थकून जात असे. परीक्षेच्या दिवसांतही ते खोलीच्या दारात उभे राहून, विमानात पाणी किती प्यावं, पाय कसे हलवत राहावेत, दिवसाचं शेवटचं विमान का घेऊ नये, हे सांगत. मी मान डोलवत पुस्तकाचं तेच पान पुन्हा वाचत असे. एकदा वडील माझ्यासाठी तांदूळ घेऊन आले होते. काकांनी त्यांनाही तासभर बसवून घेतलं. निघताना वडील मला म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन त्याचा जीव कुठं तरी अडकलाय, बग."

कुठे अडकला होता ते मला चिवड्यामुळे कळलं. त्या घरात चिवडा होत नसे. नाशिकमध्ये राहून, दिवाळीच्या फराळातसुद्धा नाही. शेवटच्या वर्षी गच्चीवर काकूंना कुरडया घालायला मदत करताना मी सहज विचारलं. काकू साचा दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "जहाजावर काय खायला देतील कोण जाणे, म्हणून यांनी एक अख्खी बॅग भरली होती. चिवडा, लसणाची चटणी, मेतकूट. ती बॅग आलीच नाही पट्ट्यावर. सगळी मंडळी जहाजाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलेली. तो सहलीवाला मुलगा हात जोडून सांगतोय, काका, सोडा बॅग, मी मागवून घेतो. तर हे मला म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच."

"आणि विमान लेट झालं होतं ना?"

"विमान वेळेवर होतं रे," काकू म्हणाल्या. "जहाज सुटेपर्यंत मी वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होते. खाली धक्क्यावर कुठून तरी येतील म्हणून. कोणी आलं नाही. जेवायला टेबल दोघांचं. तो वेटर रोज दोन ताटं मांडायचा, मी रोज एक उचलायला लावायचे. शेवटच्या दिवशी उचल म्हणाले नाही. राहू दिलं." मग साचा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बॅग त्यांना मिळाली हं. तीन दिवस हॉटेलात चिवडा खाऊन राहिले. माझं काही म्हणणं नाही. पण सगळ्या गावाला सांगतात विमान लेट झालं. एकदा तरी म्हणावं ना, मी बॅगेपाशी थांबलो."

त्यानंतर मी काकांचा उपदेश वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. बॅगेला चिंधी बांधा, औषध हातात ठेवा, आदल्या दिवशी पोचा, सगळं होतं. बॅग आलीच नाही तर काय करायचं, एवढंच त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढे मी एम.एस्सी.ला पुण्याला आलो. मागच्या महिन्यात एका प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. दिल्लीला, आणि तिकीट विमानाचं. घरी कळवल्यावर पहिला फोन मी काकांना केला. कान घट्ट करूनच केला होता. दोन-तीन दिवस आधी निघ म्हणतील, चिंध्या पोस्टाने पाठवतील, अशी तयारी ठेवली होती. काका म्हणाले, "अरे वा! जा की. बसायचं आणि जायचं, त्यात काय एवढं?" आणि त्यांनी पावसापाण्याचं विचारलं.

मला काळजीच वाटली. म्हटलं, काकूंना द्या फोन. काकू फोनवर आल्या आणि हसायला लागल्या. "तुला कळवायचंच राहिलं रे. आम्ही जाऊन आलो. जहाजाने."

झालं होतं असं, की कॉलनीतलं एक जोडपं त्याच सफरीला निघालं होतं आणि रिवाजाप्रमाणे काकांकडे आलं होतं. काकांनी घाट सांगितला, चिंधी सांगितली, कपड्यांची वाटणी सांगितली. ती दोघं उठली, दारापर्यंत गेली. तेव्हा काकांनी त्यांना थांबवलं. "आणि हे बघा, बॅग आली नाही तर सोडून द्या. विमान लेट वगैरे काही नव्हतं आमचं. मी बॅगेपाशी थांबलो होतो. थांबायला नको होतं." काकू आत कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पासपोर्टाची मुदत बघा आपल्या."

"मग? आदल्या दिवशी पोचलात की नाही?" मी विचारलं.

"दोन दिवस आधी. आणि बॅग एकच, पाठीवरची. जहाजावर गेल्यावर वाटलं आता तरी जरा बसतील. तर कुठले! सुटायची वेळ झाली तशी वर कठड्याला जाऊन उभे. एकसारखे खाली बघतायत. म्हटलं, अहो, कोणाची वाट बघताय? मी इथं आहे ना. तर म्हणाले, तुला तेव्हा इथून काय दिसलं असेल, ते बघतोय."

खरं तर मला त्या वेळी काकांचा एखादा लांबलचक सल्ला हवा होता. मी विचारलं, "मग काय दिसलं त्यांना?"

"काय दिसणार?" काकू म्हणाल्या. "रिकामा धक्का. दोन माणसं दोर सोडत होती. धक्का दिसेनासा होईपर्यंत उभे होते. मग मीच हाताला धरून जेवायला नेलं."