विद्याश्याम चित्रची होडी

विद्याधर कर्णिकला सगळ्यात जास्त राग यायचा तो स्वतःच्या अकलेचा. अकरा वर्षं अंधेरीत राहिला, दर बुधवारी वर्सोव्याची मासळी चापली, आणि नारळी पौर्णिमेला कोळी आपल्या होड्या रंगवतात एवढं मात्र या गृहस्थाला ठाऊक नव्हतं!

छप्पन सालची गोष्ट. रेल्वे कचेरीतला कारकून विद्याधर आणि त्याचा बालमित्र श्यामकांत यांनी तीन वर्षं पैसे साठवून ‘विद्याश्याम चित्र’ नावाची कंपनी काढली. कंपनीची मालमत्ता म्हणजे दारावरची पाटी. मे महिन्यात वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जवळजवळ सगळा चित्रपट उरकला. नायिका रोज नवऱ्याच्या होडीची वाट बघते. होडी काशीराम कोळ्याची, पोपडे सुटलेली, पुढच्या टोकावर मोठा पांढरा ओरखडा. शेवटी त्या ओरखड्यावरून ती दुरूनच होडी ओळखते आणि धावत सुटते. नेमका हाच प्रसंग राहिला आणि पावसाळा लागला.

“पौर्णिमेनंतर घेऊ रे, होडी काय पळून जातेय?” श्यामकांत म्हणाला. विद्याधरलाही पटलं. दोघेही दीडशहाणे.

पौर्णिमेनंतरच्या शनिवारी ते कॅमेरा घेऊन पोचले. कॅमेरा उसना, त्या दिवसापुरताच. विद्याधरची रजाही रविवारी संपत होती, आणि पुढची मिळणार नव्हती. बघतात तर अख्खा कोळीवाडा रंगून बसलेला. काशीरामची होडी सगळ्यांत देखणी. ओरखड्याच्या जागी वीतभर अक्षरांत ‘विद्याश्याम’.

“वाट लागली यार,” श्यामकांत म्हणाला.

“शिनेमात जायची म्हनून दोन हात जास्त मारले,” काशीराम खुशीत सांगत आला. “नाव शाळेतल्या मास्तरांकडनं लिवून घेतलं.”

“अहो, जुनीच हवी होती! तशीच्या तशी!” विद्याधर ओरडला. मग ओरडल्याची लाज वाटली, म्हणून आणखीच चिडला.

काशीरामचा चेहरा उतरला. त्यानं एक धारदार पातं आणलं. “खरवडतो, साहेब. दुपारपर्यंत पुढचं टोक व्हईल.”

“पूजा झालीय तिची,” त्याची बायको शेवंती हळूच म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. काशीरामनं पातं ‘वि’वर टेकवलं.

विद्याधरनं मनात हिशेब केला. दुपारी रंग निघेल, चारला ऊन चांगलं असेल, संध्याकाळी चित्रपट पुरा. तीन वर्षं ज्यासाठी घालवली ते आता रंगाच्या एका थरावर अडलं होतं. शिव्या घालाव्यात तर कुणाला? या माणसानं तर जीव लावून काम केलं होतं. विद्याधरला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

त्यानं काशीरामचं मनगट धरलं. “राहू दे. झकास झालीय.” श्यामकांतनं न उघडलेली कॅमेऱ्याची पेटी पुन्हा खांद्यावर घेतली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला तो कचेरीत हजर झाला. साहेबानं चष्म्यावरून बघितलं. “काय कर्णिक, संपला का तुमचा सिनेमा?”

“संपला,” विद्याधर म्हणाला.