बंद घरांची मापं घेणारे उमाकांतराव

उमाकांतराव आमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. खातं केंद्र सरकारचं, बांधकामाचं. मी प्रशासन विभागात होतो. मी १९८१ साली साताऱ्याहून बदली होऊन चेन्नईला आलो. ते तंजावरचे मराठी, त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या. त्यांचं मराठी पहिला महिनाभर मला अर्धंच कळलं. सगळं याला ते ‘अस्कं’ म्हणत आणि बोलताना प्रत्येक वाक्य शेवटी तमिळसारखं वर उचलत.

एकतीस वर्षं त्यांनी सरकारी क्वार्टर्सचे नकाशे काढले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. “डोळे झाकून काढतो, सार,” ते म्हणत. “हात काम करतो, मी तिथं नसतो.”

ते असत ते रविवारी. शहरातले जुने बंगले तेव्हा भराभर पाडले जात होते. वारसांच्या भांडणात कुलूप पडलेलं घर दिसलं, की उमाकांतराव मागच्या बाजूने आत शिरत, टेपने मापं घेत आणि घरी येऊन मोठ्या कागदावर त्याचा नकाशा काढत. जिना, कमानी, खिडक्यांच्या झडपा, काही सुटत नसे. असे तेवीस नकाशे त्यांच्या पलंगाखाली गुंडाळून ठेवलेले होते. पाडल्यावर जिना कुठून वळत होता हे कोण सांगणार, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांना धोका कळत नव्हता असं नाही. मला तो त्यांनीच समजावला होता. जुन्या मद्रासी घरांत वरच्या मजल्याची जमीन सागवानी तुळयांवर उभ्या विटा चुन्यात बसवून केलेली असते. वरून ती दगडासारखी घट्ट दिसते. पण तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे ओल धरते, वाळवी लागते आणि आतून भुसा होतो. म्हणून ते लोखंडी कांब आपटून आवाज ऐकत, मगच पाऊल टाकत. पोकळ तुळई सापडली की नकाशावर लाल फुली. परसात गवताने झाकलेली विहीर असते, हेही त्यांना ठाऊक होतं.

“आणि कायदा?” मी विचारलं होतं.

“घरात कोणी नाही. मग मी कोणाच्या घरात शिरलो?”

रत्नप्रभाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कॉफी देताना म्हणाल्या, “अण्णा, भाचीच्या लग्नाला बोलावलं तर यांचे पाय दुखतात. जिथं कोणी बोलावत नाही तिथं बेगीन जातात.”

२००४ सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी अकराच्या सुमारास रत्नप्रभाबाईंचा फोन आला. उमाकांतराव पुरसवाक्कमच्या पोलीस स्टेशनात होते. मी रिक्षाने निघालो. वाटेत माझ्या डोक्यात एकच तारीख होती, ३१ जुलै. त्या दिवशी ते निवृत्त होणार होते. त्यांची फाइल माझ्याच विभागात होती, म्हणून नियम मला पाठ होते. चोरीचा गुन्हा लागून अठ्ठेचाळीस तासांवर कोठडी झाली, तर निलंबन आपोआप. नुसतं घुसखोरीचं प्रकरण असलं तर स्टेशनातच जामीन मिळाला असता, पण खटला उभा राहिला की निवृत्तीचे कागद निकालापर्यंत अडकणार. कोर्टाचा निकाल किती वर्षांनी, ते देवाला ठाऊक.

स्टेशनात ते बाकावर बसले होते. उजव्या पायाला मांडीपर्यंत पट्टी. काय घडलं ते सबइन्स्पेक्टर गुरुमूर्तींनी सांगितलं. उमाकांतरावांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि मग ते त्या पडक्या घरात शिरले. कोणाच्या घरात चपला घालून जाऊ नये, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की रिकाम्या घरांतही ते तेच करत आले होते. वरच्या मजल्यावर पडलेल्या दाराच्या फळीतला गंजका खिळा अनवाणी पायात घुसला. ते दचकून मागे सरकले, कांब न आपटलेल्या जागेवर. जमीन खचली आणि एक पाय मांडीपर्यंत खालच्या खोलीत लोंबू लागला. शेजारच्या अलमेलू पाट्टींनी, म्हणजे आजींनी, बंद घराबाहेर चपला पाहिल्या, आतून हाक ऐकली आणि पोलिसांना फोन केला. अग्निशामक दलाच्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. सरकारी इस्पितळात अकरा टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

“चोर काय चपला जोडीने लावून आत जातो?” गुरुमूर्ती तमिळमध्ये म्हणाले. बोलणं सगळं तमिळमध्येच चाललं होतं. “चोरीचं माझ्या मनात नाही. पण मालक आलेत.”

मालक म्हणजे शरदचंद्रभाई, हार्डवेअरचे गुजराती व्यापारी. घराचा ताबा त्यांच्याकडे, आणि चुलतभावाशी वाटणीचा दावा चालू. त्यांच्यासमोर टेबलावर उमाकांतरावांचा टेप आणि अर्धा झालेला नकाशा होता.

“चोर असता तर दोन थपडा देऊन सोडला असता,” ते म्हणाले. “हा माप घेतो! भावाने पाठवलाय. किती दिले त्याने?”

“मी त्यांना ओळखतही नाही,” उमाकांतराव म्हणाले.

“मग या लाल फुल्या? हा भावाचा हिस्सा ना?”

“मेलेल्या तुळया आहेत त्या. सहा. यातल्या तीन गल्लीकडच्या सज्ज्याच्या.”

शरदचंद्रभाईंनी नकाशा जवळ ओढला. साक्षीला आलेल्या अलमेलू पाट्टी मागच्या बाकावरून उठल्या. “त्या सज्ज्याखाली फुलवाली बसते. पावसात शाळेची पोरं उभी राहतात.”

“शेठजी,” गुरुमूर्ती म्हणाले, “हे गृहस्थ आत शिरून पडले, तर गुन्हेगार हे. सज्जा रस्त्यावर कोणाच्या डोक्यात पडला, तर मी तुमच्या दुकानात येईन.”

शरदचंद्रभाईंनी त्या तीन फुल्यांवर एकेक करून बोट ठेवलं. मग म्हणाले, “तक्रार देत नाही. पण दोन गोष्टी. परवानगीशिवाय कुठल्याच घरात जाणार नाही, असं लिहून द्यायचं. आणि हा कागद माझ्यासमोर फाडायचा. उद्या भावाच्या वकिलाच्या हाती लागायला नको.”

मी लगेच मजकूर लिहायला घेतला. उमाकांतराव मात्र हलेनात.

“जिन्याचं माप परत मिळणार नाही,” ते मला मराठीत म्हणाले.

“उमाकांतराव, पाच महिने राहिलेत.”

“पाडलं की अस्कं गेलं.”

रत्नप्रभाबाई बाकावर त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. “आणि तुम्ही खाली पडून मेला असता, तर मी काय तो जिना घेऊन बसले असते?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

उमाकांतरावांनी गुरुमूर्तींकडे कोरा कागद मागितला. त्यावर फक्त सहा तुळया काढल्या, त्यांची जागा आणि टेकू कुठे द्यायचे ते लिहिलं, आणि तो शरदचंद्रभाईंना दिला. मग नकाशा स्वतः फाडला, घडीवरून, सावकाश, चार तुकडे. मजकुरावर सही केली.

पुढच्या आठवड्यात सज्ज्याला टेकू लागले. फुलवालीला समोरच्या बाजूला बसवलं. उमाकांतराव ३१ जुलैला ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले.

त्यानंतर ते मालकांना पत्रं लिहू लागले. मी ती टाइप करून देत असे: आपल्या घराचा नकाशा काढण्याची परवानगी मिळावी, आपण सांगाल त्या वेळी, आपल्या माणसासमक्ष. एकोणीस पत्रं गेली. दोन उत्तरं आली, त्यातलं एक नकाराचं.

दुसरं होकाराचं, रायपेट्ट्यातल्या एका बंगल्याच्या मालकाचं. मालकाने स्वतः कुलूप काढलं. उमाकांतरावांनी तळमजला पाहिला, जिन्यापाशी आले, भिंतीत जाणारी तुळई कांबेने ठोकली आणि ऐकलं. आवाज पोकळ आला. मालक म्हणाला, “जा ना वर, मी सांगतोय.” ते नाही म्हणाले. वरचा मजला त्यांनी रस्त्यापलीकडून, दिसेल तेवढा काढला.

तो नकाशा त्यांनी मला दाखवला. खालच्या खोल्या नेहमीसारख्या रेखीव. वरच्या मजल्यावर मधोमध मोठी कोरी जागा, आणि तिच्यात त्यांच्या सुबक अक्षरांत लिहिलेलं, ‘हे मी पाहिलेलं नाही.’