निरोगी गटातून बाहेर

"लाजायचं काय त्यात? जिवंत माणसालाच होते!" असं म्हणत बाई शौचाच्या नमुन्यासाठीची डबी हातात ठेवायच्या. समोर प्राध्यापक असो की दुकानदार, सूर तोच.

एका संशोधन संस्थेसाठी त्या घरोघरी जाऊन नमुने गोळा करत. आतड्यातले जंतू आपल्या अन्नातून काही पदार्थ बनवतात, ते रक्तात उतरतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याशी त्यांचा संबंध आहे का, हे तिथे तपासत होते. रुग्णांशी तुलना करायला धडधाकट माणसंही हवी होती. खराडीतल्या आमच्या ऑफिसातून मी नाव दिलं. वय बेचाळीस, तक्रार काही नाही.

"म्हणजे जंतूंमुळे हार्ट अटॅक येतो?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"संबंध दिसतोय. कारण तेच का, ते अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर सकाळी आठला तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते?"

अशी उत्तरं पुण्यात तुम्हीही ऐकली असतील.

दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी मी छाती चोळतच दार उघडलं. बायको माहेरी गेली होती. "ॲसिडिटी आहे," मी म्हणालो. बाई माझ्या कपाळावरचा घाम पाहत होत्या.

"जबडा दुखतोय?"

"थोडा. डावा हातही. नऊला मीटिंग आहे, ती झाली की दाखवतो."

"अहो, मीटिंग तुमच्यावाचून होईल. चपला घाला."

हॉस्पिटल दोन चौकांवर होतं. रिक्षात एका हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने त्या रिक्षावाल्याला रस्ता दाखवत होत्या.

हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट बसला. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. मी आलो नव्हतो, मला आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई फाइल घेऊन पलंगाशी उभ्या. "तुमचं नाव निरोगी गटातून काढावं लागलं," गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. मी हसलो. त्यांनी मात्र खिडकीकडे तोंड फिरवून पदराने डोळे टिपले.

पुढे कधीही आभार मानू लागलो की म्हणायच्या, "ते राहू द्या. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

त्या निवृत्त होणार होत्या. शेवटचं भेटायला आल्या, त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मी त्यांना खाली सोडायला गेलो.

"आता चढा वर," त्या म्हणाल्या. "सावकाश. मी इथेच आहे."

चार मजले चढून मी गॅलरीतून हाक मारली. दम लागला नव्हता. त्यांनी मान वर केली, हात हलवला आणि रस्ता ओलांडून स्वारगेटच्या बसमध्ये चढल्या.