चार टोप्या, एक पगडी आणि तळी

ब्रिटनचा व्हिसा पासपोर्टवर आला की सगळा युरोप आपल्या बापाचा, अशी माझी समजूत होती. पॅरिसला जायला वेगळा व्हिसा लागतो हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. कॉव्हेंट्रीत माझ्यासोबत राहणारे दोघे पुणेकर मित्र वेळेवर अर्ज करून पॅरिसला निघून गेले आणि मी हात चोळत मागे राहिलो. घरात उरलो मी, वरच्या खोलीतला ग्रीक यानिस आणि नायजेरियाचा फेमी. त्या दोघांशी माझी ओळख किचनमध्ये 'हॅलो' म्हणण्यापुरती. त्यात बॉयलर बंद पडलेला. घरमालक रोज म्हणायचा, उद्या माणूस पाठवतो. डिसेंबरच्या थंडीत आम्ही तिघंही घरातच लोकरी टोप्या घालून वावरत होतो. देव परदेशात येतो का, असा प्रश्न मला त्या दिवसांत खरोखरच पडला होता.

तशात आईचा फोन आला. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन चंपाषष्ठीच्याच दिवशी ठरलं होतं. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात, म्हणजे ताम्हणात खोबरं, सुपारी आणि भंडारा ठेवून पाच पुरुषांनी डोकी झाकून ते ताम्हण उचलायचं आणि येळकोट करायचा. बाबांनी हे कधीच चुकवलं नव्हतं. बाबा हट्टी माणूस. आधी एकदा ते ऐनवेळी हॉस्पिटलातून घरी निघून आले होते. आता त्यांनी आईच्या हातून फोन घेतला आणि मला बजावलं, "तिकडे तू तळी उचल. पाच जणांचा येळकोट माझ्या कानावर पडला की मी आत जातो. नाही पडला तर सरळ घरी जातो." डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं की आता आणखी लांबवण्यात धोका आहे.

पाच माणसं कुठून आणू? ज्या गावात भाजीवाल्याखेरीज मला कुणी नावाने ओळखत नाही, तिथे देवासाठी माणसं गोळा करायची! मी खंडेरायाला म्हटलं, बाबा रे, माझ्याच्याने हे होणार नाही, तूच बघ. हे मी भक्तीने म्हटलं की वैतागाने, ते आजही मला सांगता येत नाही.

चंपाषष्ठीच्या सकाळी धीर करून यानिसचं दार वाजवलं. सगळं सांगताना माझी बोबडी वळत होती. तो एवढंच म्हणाला, "डोकं झाकायचं ना? ते झाकलेलंच आहे." फेमीने तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "वडिलांसाठी आहे ना? मग विचारतोस काय!" म्हणत तो माझ्या आधी किचनमध्ये पोचला. इतक्यात बेल वाजली. इतके दिवस वाट पाहायला लावणारा बॉयलरवाला नेमका आज दारात उभा होता, आणि त्याच्याही डोक्यावर टोपी होती! त्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "आधी चहा दे, मग काय उचलायचं ते उचलू."

आम्ही चार झालो. नैवेद्याच्या भरितासाठी मी वांगं गॅसवर भाजायला ठेवलं, पण खिडकी उघडायची विसरलो. धुराचा अलार्म असा काही कोकलायला लागला की गल्ली जागी झाली. फेमी टॉवेल हलवतोय, बॉयलरवाला स्टुलावर चढलाय, आणि दारात पलीकडच्या घरातले म्हातारे सरदारजी. "आग लगी है क्या, बेटा? मैं तो वैसे भी आने वाला था. तेरा पार्सल मेरे पास पड़ा है." आईने दिवाळीला पाठवलेलं ते पार्सल कुठे अडकलं होतं देव जाणे. फोडलं तर चिवड्याखाली खोबऱ्याच्या वाट्या आणि जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी. मी किचनमधल्या हळदीवर भागवणार होतो. पुडी हातात घेतली आणि मला रडूच फुटलं.

यानिसचा पिझ्झाचा ट्रे हेच आमचं ताम्हण. विड्याच्या पानांऐवजी पालक. बाबांना फोन लावून तो मी टोपीत कानाशी खोचला आणि पाच जणांनी ट्रे उचलला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" ग्रीक, नायजेरियन, कॉव्हेंट्रीकर आणि पंजाबी जिभांनी त्या शब्दांचं जे काही केलं ते ऐकून खंडोबालाही हसू आलं असेल. पलीकडे बाबा पोट धरून हसत होते. मग त्यांचा खणखणीत आवाज आला, "सदानंदाचा येळकोट!"

"किती जण होते रे?" त्यांनी विचारलं.

"पाच, बाबा."

"तुझ्या हाकेला आले?"

"आले."

"बस्स. तळी काय, मी इथे वॉर्डातही उचलली असती. अडीनडीला तुझ्याजवळ माणसं आहेत का, तेवढं मला आत जाण्याआधी कळायला हवं होतं." आणि फोन आईकडे देऊन ते गेले.

आता परदेशी निघालेली मुलं मला विचारतात, काका, काय काय लक्षात ठेवू? मी सांगतो, युरोपच्या व्हिसाचं आधी बघ, वांगं भाजताना खिडकी उघड, आणि पोचल्या दिवशीच शेजारची दारं वाजव. बाकीचं त्याच्यावर सोड. मी 'तूच बघ' म्हणून हात टेकले तिथून पुढे त्यानेच सगळं पाहिलं, यापलीकडे मला काही कळत नाही, आणि कळायला हवं असंही वाटत नाही.

त्या दिवशी भंडारा लावलेल्या कपाळांनी पाचही जण भरीत खात फोनची वाट पाहत बसलो होतो. बॉयलर केव्हाच सुरू झाला होता, घर चांगलं उबदार झालं होतं. तरी "बाबा शुद्धीवर आले" असं आईने सांगेपर्यंत कुणीही डोक्यावरची टोपी काढली नाही.