मध्यरेषेजवळची जागा

कबड्डी ही ऐकायची गोष्ट आहे. कुवेतला आल्यापासून हे मी किती जणांना सांगितलं त्याला गणती नाही, आणि एकालाही ते पटलेलं नाही. चढाई करणारा दुसऱ्यांच्या अंगणात शिरतो तेव्हा एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहतो. तिथेच दम सुटला तर तो बाद, मग त्याने कितीही गडी मारलेले असोत. शाळेत असताना सांगलीकडे मी चार वर्षं चढाया केल्या आहेत. सुटलेल्या दमाचा आवाज मला कोणी शिकवायला नको.

इथे हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी राई नावाच्या गोदामांच्या भागात, एका गोदामामागच्या आवारात सामने होतात. तंबूवाल्याकडचे जुने गालिचे अंथरायचे आणि चिकटपट्टीच्या रेषा मारायच्या, झालं मैदान. खेळणारे सगळे कोकणातले: वेल्डर, प्लंबर, एसीचे डक्ट बसवणारे. गावागणिक संघ. नवऱ्याचं गाव मालवणाकडचं, त्यामुळे आमचाही एक संघ आहे. फॅमिलीसाठी मागे, चहाच्या टेबलापलीकडे खुर्च्या असतात. तिथून फक्त माणसांच्या पाठी दिसतात.

पहिल्याच वर्षी मी त्यातली एक खुर्ची उचलली आणि मध्यरेषेजवळ आणून ठेवली. आमच्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष अदबीने म्हणाले, “वैनी, बायका थंय बसतत.”

“मला इथून ऐकू येतं,” मी म्हणाले आणि बसले. नवऱ्याने मान खाली घालून मोबाइल काढला. तो बँकेत आहे, त्याला वाद नको असतात.

यंदाच्या उपांत्य सामन्याचं सांगते. सामन्याआधी अध्यक्ष नारळ हातात धरून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळे एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात. मला ते फार आवडतं. पण त्या दिवशी शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते, आमच्या संघातल्या एका डक्टवाल्याने कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, आणि आमच्या लोकांना धीर धरवला नाही. तो मध्यरेषेपासून तीन पावलांवर असतानाच शंभरेक गळ्यांतून “व्हय म्हाराजा” सुरू झालं. पंच एकच, तेही पलीकडच्या टोकाला. त्या गलक्यात त्यांना काय ऐकू येणार?

माझ्यापासून हातभर अंतरावर त्याचा दम सुटला. घशात खरखर झाली, श्वास आत गेला, आणि मग पाय रेषेवर आला. पंचांनी गुण दिला.

मी उठले. “दम सुटला होता.”

“सासरच्या गावाइरुद्ध बोलतास, वैनी?” अध्यक्षांची अदब संपली होती.

“ऐकलं ते बोलतेय. त्यालाच विचारा.”

कोणी विचारलं नाही. डक्टवाला टॉवेलने तोंड पुसत राहिला. निकाल तोच राहिला, पेढे वाटले गेले. मी घेतला नाही.

फिंतासला घरी जाताना गाडीत नवरा म्हणाला, “फायनलला मागे बस. माझ्यासाठी.” मागच्या सीटवरून लेक इंग्रजीत म्हणाली, आई, खेळच तर आहे. मला दोघांचाही संताप आला. खेळ आहे म्हणून तर खरं बोलायचं. ऑफिसात आपण रोज गप्प बसतोच की. नवऱ्याला म्हटलं, माझ्याकडे दुसरं काहीही माग.

अंतिम सामन्याला मध्यरेषेजवळ एकही जागा नव्हती. मुद्दाम लवकर येऊन बाप्यांनी खुर्च्या अडवल्या होत्या. मी त्यांच्या पुढे, रेषेच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, दिसत नाही. “मग उठा,” मी म्हणाले. गुडघा ठणकत होता, तरी पूर्ण सामना उभ्याने काढला.

शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. डक्टवाला आत गेला, दोन गडी टिपले आणि वळला. पुन्हा तोच गजर, पुन्हा तीच घाई. रेषेच्या आत त्याचा दम सुटला. पंचांनी दोन बोटं वर केली. मी तोंड उघडणार तेवढ्यात डक्टवाल्याने स्वतःच हात वर केला. “दम सुटलो,” तो पंचांना म्हणाला आणि बाहेर गेला. आम्ही हरलो.

लोक मला वळसा घालून गालिचे गुंडाळायला लागले. नवरा गाडी काढायला गेला. डक्टवाला पिशवी खांद्याला लावून माझ्यासमोर येऊन थांबला. त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि तो का असू नये?

“तुमी हंय उभ्या होतास म्हणान हात वर केलंय,” तो म्हणाला.

“भावोजी,” मी म्हणाले, “पुढच्या वर्षीही मी इथेच उभी असणार आहे.”