गावपळणीतली सुट्टी

मित्रहो, आज सकाळी आमच्या नेरूळच्या घरात जोरदार वाद झाला. विषय होता डिसेंबरची कोकण ट्रिप.

मालवणजवळच्या आमच्या गावी जायचं ठरलं होतं. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "भावजी, देवान कौल दिल्यान. तुमी येतलास त्याच दिवसांत गावपळण आसा." म्हणजे तीन दिवस सगळ्या गावाने घरं बंद करून वेशीबाहेर झोपड्यांत राहायचं.

मुलगा म्हणाला, "पप्पा, गावच बंद तर जायचं कशाला? सी-व्ह्यू रिसॉर्ट बघतो."

मी भडकलो. ऐंशीच्या दशकात, नेरूळला नुकतेच राहायला आलो होतो, तेव्हाही असंच झालं होतं. घरी फोन नव्हता. ट्रंक घेऊन पोचलो, तर गावात दारादाराला कुलूप. शेवटी माळावर भावाच्या झोपडीत राहिलो. गावात ज्या घराच्या पायरीवरूनच आम्हाला जातीमुळे परत पाठवायचे, त्या घरातली माणसं तिथे आमच्या चुलीपाशी बसून चहा प्यायली. मला वाटलं, जिंकलो! तीन दिवसांनी गाव परतलं, आणि आम्ही पुन्हा पायरीखाली.

हे मुलाला मी आज पहिल्यांदा सांगितलं. त्याने रिसॉर्ट शोधणं थांबवलं. मग त्यानेच वहिनीला फोन लावला. "काकी, आम्ही चौघं येतोय. झोपडी जरा मोठी बांधा."

सूनबाईंनी हळूच विचारलं, "बाबा, तिथे बाथरूम?"

सगळे हसलो. पण मला तीन दिवस नाही, चौथा दिवस बघायचाय. तुमच्या गावची ती पायरी आता ओलांडता येते का? खरं सांगा.