सोयरिकीच्या घरचा चहा

डॉक्टरनं माह्यं वजन पाह्यलं आन काटा बिघडला का म्हणून मले पुन्हा उभं केलं. एकशे आठ किलो! शुगरही वाढलेली. पोरगी माह्यी नर्स. तिनं त्याच दिवशी घरात कायदा काढला: रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पोटात घास नाही. पाणी प्या, नाहीतर बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी.

कॉफी कायची, निव्वळ काढा! पन भूक मरते म्हणून मी सकाळपासून पाच-सहा कप रिचवो. छाती धडधड करे, हात थरथरे, आन मी उगाच बायकोवर खेकसो. मंग पोरीनं डबाच लपवला, दोन कपाच्या वर बंद. तरी दोन महिन्यांत सात किलो उतरलं. मी मुद्दाम पॅन्ट वर ओढत गावभर फिरलो.

तेवढ्यात कामरगावच्या एका घरी पोरीच्या सोयरिकीचं बोलणं निघालं. पोरगा तिच्याच दवाखान्यात कामाले. "बाबा, मले तोच पायजे," तिनं तोंडावर सांगतलं होतं.

आमी नवरा-बायको सकाळी दहाले पोचलो. पोहे आले, घट्ट दुधाचा चहा आला. मी कपावर हात ठेवला. "मले नाही चालत."

पोराच्या मायचं तोंड उतरलं. बायकोनं कोपरानं अशी ढुसणी देली का विचारू नका. तवा डोक्यात उजेड पडला: आमच्याकडे सोयरिकीच्या घरचा चहा नाकारला म्हणजे सोयरीकच नाकारली! पोरगा दारात पांढराफटक पडून उभा. पोरीचा संसार म्या गाढवानं बसल्याबसल्या मोडला होता.

वजन, उपास, बारा वाजता... मी समजावू लागलो, पन कोनाले पटे ना. "पसंत नसन तं सरळ सांगा ना भाऊ," पोराचा बाप म्हणे.

शेवटी पोरीले फोन लावला, स्पीकरवर. "बाई, मी चहा नाही म्हटलं, तं या लोकायले वाटते मले पोरगा पसंत नाही."

"बाबा!" ती ओरडली. "काहून नाही म्हणता? प्या! साखरेचा प्या, दोन कप प्या, पोहेही खा!"

घरभर हशा पिकला. पोरगा लाजून आत पळाला.

मी कप उचलला. दोन महिने हातापाया पडलो तरी जिनं साखरेचा दाणा चाखू देला नाही, तिनं त्या पोरासाठी एका दमात सगळा कायदा मोडला. पोरगी आता या घरची झाली, हे मले तिथंच समजलं. डोळे भरून आले, खोटं कायले बोलू? कप रिकामा केला आन पोराच्या मायले म्हटलं, "विहीणबाई, दुसरा आना."